अंगठ्यावाचून अडलेलं घर

ती. सौ. आईंना जावयाचा, वाकता येईल तितका वाकून, नमस्कार. (सध्या फार का वाकता येत नाही, ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला गेला, की त्यांनी औषध पुन्हा कुंडीत ओतलं? इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची लेक तुमच्याकडे आली आहे, तेव्हा माझी कीर्ती तुमच्या कानांवर गेलीच असणार. तिने सांगितलं ते सगळं खरं आहे. मी फक्त तेच जरा माझ्या बाजूने सांगतो.

बाबा चारचौघांत 'जावई मशिनी दुरुस्त करतात' असं सांगतात. तसं नाही. वॉशिंग मशीनपासून दाराच्या कुलपापर्यंत हल्ली प्रत्येक वस्तूच्या पोटात कारखान्यातच एक प्रोग्राम भरलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्यात कोणी चोरून भलताच हुकूम घुसवला, तरी वस्तू तो निमूटपणे पाळते (वस्तू बिचाऱ्या घरजावयासारख्या असतात). म्हणून मी तिथे एक पहारेकरी बसवतो. हुकूम पाळण्याआधी तो तपासतो, की हा नक्की कोणाचा आणि वाटेत कोणी बदलला तर नाही. दारात कोणी येऊन 'साहेबांनी टीव्ही दुरुस्तीला मागवलाय' म्हणालं, तर तुम्ही नाही का बाबांना विचारल्याशिवाय टीव्हीला हात लावू देत, तसंच.

तर लग्नाच्या वाढदिवसाला मी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर पहारेकरी बसवले. आता पहारेकऱ्यालाही शेवटी कोणाच्या तरी शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो, आणि तो मान मी मोठ्या मनाने तुमच्या लेकीला दिला. तिने अंगठा लावल्याशिवाय घरातलं पान हलणार नाही, अशी व्यवस्था. भेट म्हणून मला ही कल्पना फार हळवी वाटली होती. (तिला कानातलं हवं होतं.) पंखा दोनवरून तीनवर न्यायचा तरी मी तिला आंघोळीतून बोलवायचो, आणि ती आली की कळायचं, पहारेकरी ओला अंगठा ओळखत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण पहारेकरी माझ्याच डोक्यात जाऊन बसला. गेल्या रविवारी ती बाथरूममधून ओरडली, 'दूध उतू जातंय, गॅस बंद कर.' (शेगडी तेवढी जुनी, बिनपहाऱ्याची.) आवाज बंद दारामागून येत होता, जरा घोगराही होता, वाटेत बदलला नसेलच असं सांगता येईना. मी दाराशी जाऊन विचारलं, लग्नात आपल्याला भिंतीवरची घड्याळं किती आली होती? उत्तर लगेच आलं, पण ते घड्याळांविषयी नव्हतं, तुमच्या जावयाविषयी होतं. त्यातलं खरं किती, हे मी ताडून पाहत होतो तोवर पातेलं काळं झालं. ती बॅग भरून म्हणाली, 'मी आईकडे चालले.' मी सवयीने विचारलं, 'नक्की ना?' तिने कुलपाला अंगठा लावला. कुलपाची खात्री पटली. दार उघडलं आणि तिच्यामागे बंद झालं.

तेव्हापासून मी आत आहे. माझ्या सगळ्या विजारी वॉशिंग मशीनमध्ये अडकल्या आहेत, त्यामुळे मी तुमच्या लेकीच्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये वावरतो, आणि वाकलो की तो पाठीत उसवतो. फोनवरही पहारा असल्याने त्याचं नुसतं घड्याळ झालं आहे. शेजारच्या काकू खिडकीच्या गजांतून पाव आणि केळी देतात. हे पत्रही त्याच टाकणार आहेत (वाचून, मग चिकटवून).

परवा आमचे साहेब दोन गिऱ्हाइकांना घेऊन जेवायला निघाले होते, ते मी कामावर का येत नाही हे बघायला डोकावले. खिडकीतून त्यांनी हुकूम सोडला, दार उघड. मी म्हटलं, उघडत नाही. साहेबांनी धक्के दिले, थोरल्या गिऱ्हाइकाने लाथही घालून पाहिली. जिथे घरमालकच कोंडला जातो तिथे चोर काय शिरणार, असं म्हणून त्याने माझ्याच खिडकीवर कागद टेकवून पहारेकऱ्यांची ऑर्डर लिहून दिली. मला बढती मिळाली. दार मात्र तसंच ठेवायला सांगितलं आहे, कारण साहेब आता रोज गिऱ्हाइकं आणतात. गाऊन हा कंपनीचा युनिफॉर्म आहे, अशी त्यांची समजूत झाली आहे.

असो. बाबांना नमस्कार. तुमच्या लेकीला काय म्हणावं हे मला सुचत नाही, तेव्हा तुम्हाला सुचेल ते म्हणा.

आपला,
दशमग्रह

ता. क. लेकीला अंगठा लावण्यापुरतं तरी पाठवा, एवढं लिहिण्यासाठीच हे पत्र होतं.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे. फ्रिजच्या मागे मीच बसवलेलं एक बारीक बटण आहे, ते दाबलं की सगळे पहारेकरी एकदम रजेवर जातात. पहिल्याच दिवशी दाबता आलं असतं. पण मग तिला बोलवायला माझ्याकडे निमित्त काय राहिलं असतं? घर अडलंय असं लिहिणं सोपं, मला तिच्याशिवाय करमत नाही हे सासूला लिहिणं कठीण.

शेवटचा ता. क. आत्ताच बटण दाबलं. दार उघडं आहे, विजारी वाळत घातल्या आहेत. फोनही चालू झाला, पण ती उचलत नाही, म्हणून पत्र जाऊ देतो. तिने 'ये' म्हटल्याचं तुम्ही कळवलंत की न्यायला येतो. मनापासून म्हणाली का, वाटेत कोणी बदललं का, काही विचारणार नाही. आणि ती काहीच म्हणाली नाही, आणि तुम्हीच आपल्या मनाने 'ये' लिहून पाठवलंत, तरी मी तपासणार नाही.