तांब्याच्या पाटीतला माझा निम्मा हिस्सा

मी, हिलेगोंत वाउटर्स, चित्रे छापणाऱ्या कै. लुबर्ट यांची विधवा, राहणार आम्स्टरडॅम. पाय गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वखुशीने पुढीलप्रमाणे लिहून देते.

एक. कालव्याकाठचे घर एकुलत्या मुलीला, माख्तेल्टला. तिने इथे येऊन राहावे, एवढीच माझी इच्छा. ती येईल कशी, हे मला ठाऊक नाही.

दोन. छापयंत्र आणि कोरायच्या सुया दीर क्रायन यांना. नाहीतरी त्यांनी ते कधीच आपले मानले आहे.

तीन. फ्रेंचांनी आपली खेडी जाळली, तेव्हा नवऱ्याने तांब्याच्या पाटीवर चित्र कोरले: फ्रेंच शिपाई लेकरांवर तलवारी उगारताहेत. तांब्यावर उलटे कोरले की कागदावर सुलटे उमटते. पण क्रायन दारात उभे राहून ओरडत होते, "आज बाजारात हवं, आजच!" घाईत सुलटेच कोरले गेले. कागदावर सारे शिपाई डावरे निघाले.

लोकांना ती चूक वाटली नाही, फ्रेंच ओळखायची खूण वाटली. माझा जावई तुसाँ टोप्या शिवतो, फ्रेंच बोलतो, आणि डावरा आहे. खेडी जाळणाऱ्या त्याच फ्रेंच राजाच्या जाचाला कंटाळून तो इथे आला होता. गुत्त्यासमोर लोकांनी त्याचा हात मोडला. तो आणि माख्तेल्ट शहर सोडून गेली.

पाटी वितळवा म्हणून मी क्रायनच्या पाया पडले. "वहिनी, गप्प बसा. निम्मी पाटी माझी आहे, आणि लोक अजून मागतायत."

दुसऱ्या छापखान्याने आमच्या कागदावरून नक्कल कोरली. तीत उलट्याचे सुलटे होऊन तलवारी उजव्या हातात आल्या. मला वाटले, सुटलो. पण बाजारात म्हणू लागले, "उजव्या हाताचं बनावट! अस्सल हवं तर डावऱ्यांचं घ्या."

माझा निम्मा हिस्सा माख्तेल्टला. तिने पाटी वितळवावी. नोटरी म्हणतात, दुसऱ्या वाटेकऱ्याच्या संमतीशिवाय ते व्हायचे नाही. तरी लिहाच, असे मी सांगितले.

चार. जावेला काही नाही. तिने ते चित्र चौकटीत घालून चुलीवर टांगले आहे.

वरील सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले. पाववाले एव्हर्ट खोसेन्स डोळे पुसत म्हणाले, "फार वाईट झालं, काकू. पण हे फ्रेंच सगळेच्या सगळे डावरे कसे हो?"

हेही लिहून ठेवा, असे मी नोटरींना सांगितले.

सही: हिलेगोंत वाउटर्स
साक्षीदार: एव्हर्ट खोसेन्स, पाववाले; डर्क लामर्स, शिडे शिवणारे
आम्स्टरडॅम, ९ मार्च १६७५