सात सीटांची गाडी आणि आठवा मी

प्रिय साडूबुवा यांसी,

थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष काही नाही. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुम्ही चौघं तिकडे खुशाल असणारच, कारण नव्या गाडीत बसणारी माणसं खुशालच असतात. धाकटीची पाठ कशी आहे? (आता बरी असेल. तुमच्या गाडीची सीट म्हणे पाठीला विचारून मागे कलते.) पोरांचे खोकले थांबले का? तुमची स्वतःची प्रकृती विचारत नाही, ती आजकाल लांबूनच दिसते.

आजवर मी तुला अरेतुरे करत आलो, कारण तू माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा विद्यार्थी. पण सात सीटांच्या मालकाला एकेरीत लिहावं की नाही या विचारात माझे दोन कागद फुकट गेले. शेवटी ठरवलं, सुरुवातीला अहोजाहो करावं आणि मग मूळ पदावर यावं. तर आता आलो.

गाडीबद्दल माझं मत काय, असं तू फोनवर तीनदा लिहून विचारलंस आणि तिन्ही वेळा मी तुला अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे मत नव्हे, हे मला कळतं. पण तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून हे पत्र. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, मी जळत नाही. माझ्या पोटात दुखतंय अशी बातमी आपल्या घराण्यात फिरते आहे (ती कुठून निघाली हे मला ठाऊक आहे, ती आत्ता आत भाजी चिरते आहे). पोटात दुखतं हे खरं. पण ते दुखणं तुझ्या गाडीच्या आधीपासूनचं आहे, डॉक्टरांकडे त्याची फाईल आहे. गाडी आल्यावर जरा वाढलं, एवढंच.

तर मत. तुझी गाडी चांगली आहे. इथेच पत्र संपवता आलं असतं, आणि माझी तक्रारही नेमकी हीच आहे. तिला नाव ठेवायला जागाच नाही! मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, तुझी पाठ फिरल्यावर टायरला एक लाथही घातली. काही सापडलं नाही. रंग मात्र ओल्या सिमेंटचा. भिंतीशेजारी उभी केलीस तर माणूस भिंत बघून पुढे जाईल. अरे, गाडी घ्यायची तर लोकांनी वळून बघितलं पाहिजे. माझ्या दोन दारांच्या लाल गाडीकडे वीस वर्षांनीसुद्धा लोक वळून बघतात. (आवाजामुळे बघतात, असं ही म्हणते. बघतात ना? मग झालं.) पुन्हा तुझ्या गाडीत पेले ठेवायच्या जागा अकरा. मी मोजल्या. माणसं सात आणि पेले अकरा, तर उरलेले चार पेले कोणाचे, याचा विचार करत मी एक अख्खी दुपार घालवली. आणि तो मागचा कॅमेरा! बत्तीस वर्षं मी लोकांना मान वळवून गाडी मागे घ्यायला शिकवतो आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या माणसांची मान अजून जराशी तिरपीच असते. आणि तुझी गाडी म्हणते, वळू नका, मागचं मी बघते. परवा एक नवी विद्यार्थिनी मला म्हणाली की मास्तर, तुमच्या गाडीत पडदा कुठाय? मी तिला आरसा दाखवला. तिने त्यात केस नीट केले.

केकचा विषय निघणारच, तर मीच काढतो. गाडी आली त्या दिवशी तू मोठ्या मानाने मला पुढे शेजारी बसवलंस. सासूबाईंनी त्या आनंदात केलेला केक माझ्या पायाशी ठेवला, कारण मास्तरांच्या पायाशी तो नीट राहील असं सगळ्यांना वाटलं. आता, ज्याचं जळतं त्याला कळतं. माझ्या शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो, आणि बत्तीस वर्षं माझा उजवा पाय त्या ब्रेकवर पोट भरतो आहे. तू कोपऱ्यावर वळलास, समोर सायकल आली, आणि मी दाबला. सायकल वाचली ती तुझ्या ब्रेकने. माझ्या ब्रेकने केक गेला, आणि तोही एका झटक्यात नव्हे. घरी येईपर्यंत मी तो आणखी चार वेळा दाबला, कारण वाटेत चार सिग्नल होते. त्या दिवसापासून मला पुढच्या सीटवर बसायची बंदी झाली. हरकत नाही. पण त्या जागेवर कोण बसलं? सासरेबुवा.

इथे मात्र मला खरोखर लागलं, साडू. हसू नकोस. एकोणीस वर्षं सासरेबुवा माझ्या शेजारी बसत आले. लग्न, दवाखाना, दाताचा डॉक्टर, जिथे जायचं तिथे मास्तरला बोलवा. दर वाढदिवसाला मी त्यांना कालव्याच्या सरळ रस्त्यावरून एक चक्कर मारून आणतो, आम्ही दोघंच, काचा खाली करून. येताना ते दरवर्षी न चुकता एवढंच म्हणतात की गाडी चालवावी तर याने. माझ्या आयुष्यात मला एवढंच एक प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे, आणि ते दरवर्षी नवं करून मिळतं. येत्या रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. आणि त्यांनी फोन करून काय सांगावं? यंदा मोठ्या गाडीतून जाऊ, त्या गाडीत मला झोप छान लागते! अरे, माझ्या शेजारी तो माणूस एकोणीस वर्षं टक्क जागा होता. मला वाटायचं, माझं ड्रायव्हिंग बघायला.

म्हणूनच तलावाच्या सहलीला मी हट्टाने लाल गाडी काढली. मी म्हटलं, सगळे एका गाडीत कसे मावणार? (शाळेच्या गाडीचा प्रश्नच नव्हता. ती सहा दिवस शिकाऊंचा मार खाते, रविवारी तिला सुट्टी असते.) मोजून बघितलं तर तुम्ही चौघं, सासू-सासरे मिळून सहा, आणि सातवी सीट आमच्या हिने पटकावली. धाकटीशी गप्पा होतील म्हणाली. एकोणीस वर्षं माझ्याशी काय होत होतं कोण जाणे. मी म्हटलं, निदान सामान तरी माझ्याकडे द्या. पण तुझ्या डिकीने खुर्च्या, चटया, छत्री, पाण्याचं पिंप सगळं गिळलं आणि वर ढेकरही दिली नाही. शेवटी सासूबाईंना माझी दया आली आणि त्यांनी एक कलिंगड माझ्या हवाली केलं. मी ते शेजारी सासरेबुवांच्या जागेवर ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला.

जाताना चढावर मी तुला ओव्हरटेक केलं ते मुद्दाम, हेही कबूल करतो. हॉर्न वाजवून हात केला, तो सासरेबुवांना. ते झोपलेले होते. कलिंगडाने मात्र सगळं बघितलं. पुढे तीन किलोमीटरवर माझ्या गाडीच्या नाकातोंडातून वाफ यायला लागली, आणि मी रस्त्याच्या कडेला कलिंगडासह उभा राहिलो. दहा मिनिटांनी तू आलास. इंडिकेटर देऊन थांबलास, हँडब्रेक ओढलास, उतरायच्या आधी आरशात बघितलंस, आणि मागे मोजून पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवून आलास. चाळीस नाही, साठ नाही. तुझ्याकडे दोर होता, हातमोजे होते, पाणी होतं. मी ओरडण्यासाठी तोंड उघडून तयार होतो, आणि ओरडायला एक चूक मिळेना! मग तू अदबीने विचारलंस, मास्तर, दोर कुठे बांधू? जिथे बांधायचा तिथेच तुझा हात होता. सगळ्या घराण्यासमोर माझी अब्रू राहावी म्हणून तू विचारलंस, हे न कळण्याइतका मी ठोंब्या नाही. त्या क्षणी तुझा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता.

सीट सातच, त्या भरलेल्या, आणि आठवा माणूस बसवायचा नाही हे तुला शिकवलं कोणी? मीच. तेव्हा सहल गुंडाळून आपण परत फिरलो आणि मी माझ्या गाडीत, दोराच्या दुसऱ्या टोकाला. मागच्या काचेतून तुझी पोरं हात करत होती, धाकटी हसू दाबत होती, आणि आमची ही मुळीच दाबत नव्हती. ओढत न्यायचं काम सोपं नसतं. दोर ढिला पडला की झटका बसतो, झटका बसला की तुटतो. पंचवीस किलोमीटर मी त्या दोराकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो, की एकदा तरी ढिला पडेल आणि मला चार शब्द बोलता येतील. एकदाही पडला नाही. चाचणीत दोनदा नापास झालेला, ज्याला मी साखरपुड्यात सगळ्यांदेखत ब्रेकराव म्हणालो होतो, तो माणूस अशी गाडी चालवत होता की मागे बसून माझे डोळे भरून आले. (वाफेमुळेही असेल.) असा विद्यार्थी मी पुन्हा घडवू शकणार नाही. हे वाक्य मी खोडणार होतो, पण हा शेवटचा कागद आहे.

सोबत तुझं प्रगतिपत्रक जोडलं आहे, शाळेचं, शिक्क्यासह. माझ्या शाळेत आजवर कोणालाही पैकीच्या पैकी मिळालेले नाहीत. तुला शंभरपैकी नव्याण्णव आहेत. एक मार्क रंगाबद्दल कापला.

लाल गाडी गॅरेजमध्ये आहे. तिचा भाग मिळत नाही असं मेकॅनिक तिच्या देखत म्हणाला, ते मला आवडलं नाही. रविवारी आम्ही बसने येऊ. कालव्यावरच्या चकरेला तुम्ही सगळे मोठ्या गाडीतून खुशाल जा. मी घरी बसून सासूबाईंना कांदे चिरून देईन. डोळ्यांत पाणी आलं तर विचारू नका.

तुझा थोरला साडू (वयाने, अनुभवाने आणि लायसन्सच्या तारखेने),
मास्तर

ता. क. विनंती विशेष नाही असं वर लिहिलंय, पण एक आहे. रविवारी चकरेला निघताना, सासरेबुवा पुढे बसल्यावर, सगळ्यांसमोर गाडीची चावी माझ्यापुढे कर. मी नको म्हणेन. पुन्हा कर. मी पुन्हा नको म्हणेन. तू सरळ माणूस आहेस, एका नकारात ऐकतोस, म्हणून आधीच कळवून ठेवतो की दोन नकारांवर थांबू नकोस. तिसऱ्या आग्रहाला मी, तू एवढं म्हणतोस तर, असं म्हणून चावी घेईन.

ता. क. दुसरा नकार जरा मोठ्या आवाजात होईल. घाबरून चावी खिशात घालू नकोस.

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हिने पत्र मागितलं. भाजीचा हात पुसून सगळं वाचलं, दोराच्या ठिकाणी थांबली, परत वाचलं. मग उठली, शिवणाच्या डब्यातून बटणं उपसून तळाची एक चावी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तुझ्या गाडीची दुसरी चावी. तिला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली, 'मास्तरांची. विचारायची गरज नाही.' म्हणे गाडी आली त्याच दिवशी तू तिच्याजवळ दिलीस. मी तेव्हा गॅलरीत उभा राहून सिमेंट, सिमेंट करत होतो, म्हणून तिने ठरवलं की ज्या दिवशी याच्या तोंडून साडूबद्दल एक बरा शब्द निघेल त्या दिवशी द्यायची. सव्वा महिना लागला. मी एवढा वाईट माणूस आहे हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. चावी माझ्या उजव्या हातात आहे, म्हणून हे शेवटचं अक्षर डाव्या हाताने काढतो आहे. नीट लागत नसेल तर धाकटीकडून वाचून घे.

ता. क. पाकीट चिकटवून झालं, आता हे पाठीवर लिहितो: प्रगतिपत्रक परत पाठव, एक मार्क वाढवायचा आहे. आणि चावी मिळाली म्हणून रविवारचा आग्रह टाळू नकोस. तिन्ही वेळा कर, आणि सासरेबुवा जागे आहेत ना, एवढं आधी बघून घे.