जीपचा हादरा

मामा, हे मी सांगतेय आणि तुमची पणती लिहितेय. मला अजून अक्षर येत नाही. तुम्ही पाटी आणून दिली होती, तिच्यावर मी पापड लाटले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोरगी म्हणते, "आजी, सासऱ्याला पत्र लिहितात तर आधी नमस्कार घाल." मी म्हटलं, हयातभर डोक्यावर पदर घेऊन वाकले, आता बसून बोलू दे. शिवाय जे सांगायचंय त्यात हिचाही हिस्सा आहे, कारण त्या वेळी ही आईच्या पोटात होती आणि फुकटात जीपमधून आली.

पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. कोल्हारला रस्त्याकडेचं आपलं गॅरेज, पुढं पत्रा, मागं चूल. आमचे हे कारखान्यावर पाळीत, म्हणून तुमच्या हाताखाली हत्यारं द्यायला मीच. लेक खर्ड्याला दिलेली, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. सातव्यातच आणायची होती, पण जीपचा मागचा एक्सल मोडून पडला. तुम्ही नगरच्या भंगारातून दुसऱ्या जीपचा अख्खा एक्सल उचलून आणलात, बसवलात, आणि गाडी रस्त्यावर घातली तर काय, जरा वेग घेतला की मागून अशी थरथरायची की दात वाजावेत. हळू चालवली की गरीब गाय, काटा अर्ध्यावर गेला की अंगात आल्यासारखी.

तुम्हाला तो बिघाड होता. मला ती भीती होती. माझं पहिलं मूल बैलगाडीच्या हादऱ्यानं गेलं असं दाईनं सांगितलं होतं. खरं-खोटं देव जाणे, पण तेव्हापासून चाकाचा खडखडाट ऐकला की माझा हात आपोआप पोटावर जातो. आत्ता सांगतानाही गेला, पोरगी हसतेय. आणि खर्ड्याहून व्याह्यांचा निरोप आला होता: पोरीला नववा भरत आलाय, गुरुवारपर्यंत न्या, त्यानंतर आम्ही हलवणार नाही. त्यांच्याकडं दवाखाना लांब. एसटीचं नाव काढलं तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "नवव्या महिन्याची पोर गर्दीत उभी करतीस व्हय?"

मग तुमचा शोध सुरू झाला. आधी टायरांवर संशय. मागची चाकं पुढं, पुढची मागं. हादरा मागंच राहिला. मग गाडी ओंडक्यांवर चढवली, मागची चाकंच काढली आणि गिअर टाकून एक्सल नुसता फिरवला, थरथर तशीच. मग पाट्यांचे, म्हणजे मागच्या स्प्रिंगांचे, बोल्ट आवळले, पाट्याखाली पातळ पाचर घालून एक्सलचं तोंड जरा वर केलं, जरा खाली केलं. दर खेपेला मला मागच्या सीटवर पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन बसवायचं आणि राहुरीच्या दिशेला गाडी पळवायची. पाणी कधी शहारतं, कधी हिंदकळतं, ते मी ओरडून सांगायचं. घरी येईतो लुगडं ओलं. रस्त्यावरची माणसं म्हणत, मिस्त्री सुनेला आंघोळीला घेऊन चालला. तुम्ही त्या भंगारवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. मीही दोन-चार काढल्या.

सोमवारी तुम्ही गाडीखाली उताणे पडला होता. हातात बॅटरी, नजर शाफ्टवर. इंजिनाची ताकद मागं नेणारा तो लांब दांडा. मधून दोन तुकड्यांत निघतो, एक दुसऱ्यात खाचांवरून सरकतो. तुम्ही पुटपुटलात, "म्या खोलायच्या आधी रेघ मारल्ती. गेली कुठं?" कुठं गेली ते मी ओळखलं. तुमची रीत मला माहीत होती, काहीही खोलायच्या आधी दोन्ही तुकड्यांवरून खडूची एक रेघ ओढायची, म्हणजे जोडताना रेघेला रेघ. आणि शाफ्ट ग्रीस भरायला सोडवला, तेव्हा मी तो रॉकेलात बुडवून ताटासारखा घासला होता. तुम्ही धुवायला सांगितलाही नव्हता. काळा दिसला, राहवलं नाही. दुसरी एखादी सून काम चुकवते, मी आगाऊ काम करून घात केला.

ते सांगायला मला एक अख्खा दिवस लागला. चूक झाली म्हणून तुम्ही मारणारे नव्हतात, तरीही. मंगळवारी दुपारी तुम्ही म्हणालात, "आता एकच. थरथरू दे. हळू हळू जाऊ, आनू पोरीला." तेव्हा बोलले. चहाचा कप तुमच्यापुढं ठेवला आणि जमिनीकडं बघत सांगितलं, "मामा, रेघ मी धुतली."

तुम्ही चहा संपवलात. बशीतलासुद्धा. मग म्हणालात, "चार दीस मी भंगारवाल्याची आयमाय उद्धारली, आन् चोर माझ्याच चुलीपाशी भाकऱ्या थापतोय."

"मग आता?"

"आता काय? आत शिर, दाखवतो."

मला गाडीखाली ओढलंत. शाफ्टच्या दोन टोकांना दोन-दोन कान. "ह्ये कान आन् ते कान एका सरळीत पायजेत. बग, एक उभा हाय, एक कलंडलाय. एक खाच चुकली. दोन बैल एका जुवाला, एक आत्ता वढतो, एक मागनं वढतो. गाडी हिसके देनारच की." दांडा काढला, एक खाच फिरवला, जोडला. मग ठशाची छिन्नी माझ्या हातात दिलीत, आणि माझ्या हातून दोन्ही तुकड्यांवर एकेक ठिपका ठोकून घेतलात, समोरासमोर. "आता धू किती धुवायचं त्ये." छिन्नी परत घेतली नाही. माझ्याकडंच राहिली.

राहुरीपर्यंत तांब्या घेऊन बसले. पाणी हललं नाही. तुम्ही काटा पार पलीकडं नेलात, तरी तांब्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. सुंदर होते हो मी तेव्हा, हे लिही गं.

गुरुवारी सकाळी तुम्ही गाडी काढलीत. मागं गोधड्या अंथरल्या, उशी ठेवली. म्हणालात, "चल, पोरीपाशी बस. धीर येईल तिला." मी म्हटलं, "खोली सारवायचीय, पाणी तापवायचंय. कुणीतरी घरी पायजे." खोली मी आदल्या दिवशीच सारवली होती, अजून ओल होती तिला. तुमचं लक्ष गेलं असेल. तुम्ही गाडी सुरू करून गेलात.

दिवसभर मी पायरीवर. रस्त्यावरनं जाणारी प्रत्येक जीप ऐकली. शाफ्ट निखळला की पुढचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी उलथते, हे तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं, कशाला सांगितलंत? दिवस कलताना आलात. लेक तोंड उघडं टाकून झोपलेली. उतरताना म्हणाली, "आई, तू का नाही आलीस?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिला लई काम हुतं."

आठव्या दिवशी ही जन्मली, नाक तुमचं घेऊन.

मामा, मला काही काम नव्हतं. लेकीला काही झालं तर ते डोळ्यांनी बघायचं धाडस नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. ठिपके मीच ठोकले होते, पाणी मीच बघितलं होतं, तरी वाटलं, ही गाडी मोडायचीच, आणि मोडेल तेव्हा मी आत नको. पोटुशी लेक चालेल, तुम्ही चालाल, मी नको.

पोरगीनं लिहायचं थांबवलंय. विचारतेय, "आजी, हे ठेवू का खोडू?"

ठेव म्हटलं. पाठवायचं तर कुठंच नाहीये.