मांडीवरचा तानपुरा

३ नोव्हेंबर
झाले एकदाची मुलुंडकर! वसुधाताईंकडे राहायचं, गाणं शिकायचं आणि बदल्यात त्यांचा तानपुरा सांभाळायचा. आई म्हणाली, रेवती, फुकट काही मिळत नसतं. मी म्हटलं, चहा तरी मिळतोय. खोली एवढीशी आहे, पण खिडकीतून डोंगर दिसतो, आणि महिन्याभरात मला कार्यक्रमात मागे बसवणार आहेत. चिपळूणला कळू दे एकदा!

ताई साठीच्या, ठसठशीत, बोलायला फटकळ. हातातली बॅग खाली ठेवायच्या आत तानपुऱ्याचे नियम सुरू. खिडकीजवळ ठेवायचा नाही. मऊ सुक्या फडक्यानेच पुसायचा. गाडीत डिकीत टाकायचा नाही, मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायचं. हे सगळं ठीक. पण शेवटचा नियम अजबच, प्रवासात तारा उतरवायच्या, म्हणजे सैल करायच्या नाहीत. अहो, सगळं जग उतरवतं! ताणलेल्या तारांना धक्का बसला तर भोपळा तडकतो, हे माझ्या चिपळूणच्या बाईंनी पाठीत धपाटे घालून शिकवलंय. का म्हणून विचारलं, तर ताई म्हणाल्या, सांगितलं तेवढं कर, अक्कल पाजळू नकोस.

८ नोव्हेंबर
चारकोपला कार्यक्रम होता, आणि मला आजच मागे बसवलं! यज्ञेश गाडी चालवतो आणि तबलाही वाजवतो. बोलका आहे, सगळ्यांना यार म्हणतो, ताई सोडून. निघायच्या आधी मी तानपुऱ्याच्या खोळीत, गवसणीत हात घालून गुपचूप तारा सैल केल्या. एवढा देखणा भोपळा, तडकला असता तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

तिथे गवसणी काढली तर तारा ताठ. नुसत्या ताठ नाहीत, सुरात लावलेल्या. ताई पेटीच्या काळी तीन पट्टीत गातात, हा सूर त्याच्या बराच वर, काळी पाच. इतका ताण या तारांना सोसायलाच नको. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खुंट्या पिळून सूर खाली आणला, पण गाणं रंगात आलं तसा तो पुन्हा चढत गेला. ताई त्याच्यामागे ओढल्या गेल्या आणि वरच्या षड्जावर त्यांचा आवाज चिरकला. लोक हसले. तो षड्ज मागून मी लावला. कसा लागला कोण जाणे, माझा आवाज एवढा चढतच नाही.

१० नोव्हेंबर
तारा मी उतरवल्या होत्या हे यज्ञेशला सांगितलं. तो म्हणाला, वाट लावलीस गं. मग सगळं बोलला. माझ्या आधी या खोलीत कुंदा राहायची, ताईंची शिष्या. तिचा सूर काळी पाच. लोक मागे बसलेल्या पोरीला ऐकायला येऊ लागले, ते ताईंना झोंबलं. घाटकोपरच्या कार्यक्रमाला जाताना ताईंनी तिला विक्रोळीला हायवेवर उतरवलं. तानपुऱ्याला जागा पुरत नाही, तू रिक्षाने ये, म्हणाल्या. रस्ता ओलांडताना डंपरने तिला उडवलं. ताईंना फोन आला. तरी त्या गायल्या.

तेव्हापासून तारा कायम काळी तीनला आवळलेल्या. एकदाच चुकून सैल झाल्या होत्या, तर तिचा सूर आपोआप वाजला होता, म्हणे.

माझं डोकं भणभणतंय. तरी त्या गायल्या!

१३ नोव्हेंबर
ताईंनी पक्कड घेऊन तारा तोडायला घेतल्या. पहिलीच तुटली ती उसळून त्यांच्या गळ्यावर बसली. रक्त आलं. मी धावले नाही. उभी राहून बघत होते.
मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.
तुटलेली तार संध्याकाळी पुन्हा सबंध, जागेवर होती.

१५ नोव्हेंबर
ताई सकाळपासून काळी पाचमध्ये गातायत. थांबता येत नाही. हातवारे करून पाणी मागितलं, ते घशाखाली उतरेना. आवाज फाटलाय तरी —
मी मागे बसून साथ करतेय. मला कुणी बसायला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर
आज गाणं थांबलं. ताई कुजबुजत म्हणाल्या, हे वाद्य घाटकोपरच्या दुकानात देऊन टाकू. आत्ताच चल.

गाडीत. विक्रोळी. ट्रॅफिक ठप्प. ताई पुढून म्हणाल्या, रेवती, तू उतर, रिक्षाने ये. पुन्हा तेच! मी नाही म्हटलं.
गवसणीतून तारा वाजल्या. ताईंनीच दार उघडलं. गात गात उतरल्या, दुभाजकावरून पलीकडच्या लेनमध्ये, तिकडे गाड्या जोरात —
यज्ञेश ओरडत धावला. तो पोचायच्या आत एका गाडीने ताईंना उडवलं.

झालं ना गं कुंदा? फिटलं ना? मग थांब आता.

थांबत नाही. तानपुरा मांडीवर जड होत चाललाय. डावा हात भोपळ्याखाली अडकलाय. उजवा सारखा दाराकडे जाऊ बघतो. पेन धरलंय तोवर जात नाही, म्हणून लिहितेय.

ती म्हणतेय, माझ्या जागेवर बसलीस. माझ्या खोलीत. माझा षड्ज लावलास.
अगं, मी काय केलं तुझं? मीच तर सोडवलं तुला —
उतर म्हणतेय. ताईंसारखंच, अगदी तसंच —
नाही उतरणार. लिहीत राहते. नाही उतर