फ्लेक्सवरची दोन बोटं

१ एप्रिल, भोसरी
आजपासून वही. रुद्राणीनं तोडलं त्याला एकवीस दिवस झाले. घरचे ऐकत न्हाईत, फोन करू नको म्हणाली. मी हाव म्हणलो. आता फक्त स्वतःवर लक्ष. पहाटं पळणं, साखर बंद, तिचा डीपी बघणं बंद. आठवी नापास माणूस पुण्यात येऊन फ्लेक्सची मशीन शिकला, त्याला एक पोरगी विसरायला काय लागतंय?

२ एप्रिल
पळालो न्हाई. बूट ओले होते. डीपी एकदाच बघितला. बघावं वाटत न्हाई याची खात्री करायला.

९ एप्रिल
डीपी दिवसातून चारदाच. सुधारणा हाय. रूमवरचा बालाजी म्हणाला, गड्या, चहात मीठ टाकून राहिलास. मी म्हणलो, साखर सोडलीय. सगळा कप पिऊन दाखवला.

१७ एप्रिल, दुपारी
मन्मथचा फोन. तिचा भाऊ, माझा शाळेतला दोस्त. त्याला आमचं काहीच माहीत न्हाई. ताईचं जमलं म्हणाला, पाव्हणे लातूरचे. मुखेडच्या बसस्टँडवर दहा बाय वीसचा फ्लेक्स लावायचा, अन् तो तूच करायचा, आपला माणूस असताना दुसरीकडं कशाला? खाली शुभेच्छुकात तुझाबी फोटो टाक, लई जागा हाय.
हाव म्हणलो. काम वेगळं, मन वेगळं. नवरदेवाचं तोंड मात्र काळंच ठेवणार.

१८ एप्रिल
नवरदेवाचे मुरूम काढले. गोराबी केला. हाताला सवय हाय.
तिचा फोटो विष्णुपुरीच्या धरणावरचा, पिवळ्या ड्रेसवरचा. त्यात शेजारी मी होतो. भावाकडं देताना तिनं मला कापलंय. तिच्या खांद्यावर दोन बोटं तेवढी राहिलीत. माझीच. नखात शाई हाय.
पुसायला दोन मिनिटं लागतात. राहू दिली. ड्रेसचा रंग बिघडला असता, दुसरं काही न्हाई. छापल्यावर एकेक बोट हातभर होईल. तिला दिसलं की फोन करंल. करंलच.

१९ एप्रिल
मन्मथला प्रूफ पाठवलं. लई भारी म्हणाला, ताईला दाखवतो. बोटं त्याला दिसली न्हाईत. फोन फुल चार्ज करून ठेवला. बालाजीला बजावलं, मला उगा फोन लावू नको. तो म्हणाला, अरे, मी तर हितंच बसलोय.

२० एप्रिल
तिचा मेसेज! चाळीस दिवसांनी. उघडायच्या आधी बालाजीला पेढे आणायला पिटाळलं. मग वाचला.
बोटं काढ, एवढंच.
थोड्या वेळानं अजून एक. नखाला लिंबू लाव, शाई निघंल.
पेढे बालाजीनं खाल्ले. माझी साखर बंद हाय.

२१ एप्रिल
काढली बोटं. पिवळ्यात पिवळा मिसळला, खांदा नीट केला. दोन मिनिटंबी लागली न्हाईत. फ्लेक्स छापला, दोरी बांधायला कडंला रिंगा मारल्या, गुंडाळून नांदेडच्या ट्रॅव्हल्समधी टाकला.
लिंबू लावलं. चरचरलं. शाई निघाली सगळी.
शुभेच्छुकात मी हाय. तिसऱ्या लाईनीत, शेवटून दुसरा. गॉगल लावलेला.