जे मी तिला सांगितलं नाही

सोमवार, ८ जानेवारी
संख्याशास्त्राच्या तासाला पुन्हा दिवे बंद! पडद्यावर आकृत्या दाखवायच्या म्हणे. तिला ऐकू येत नाही, अंधारात माझे हात तिला दिसणार कसे? उठून पुढचा एक दिवा लावला. सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "एका मुलीसाठी साठ जणांचं नुकसान." वर्ग हसला.
तिने खुणेने विचारलं — काय म्हणाले?
मी सांगितलं, "डोळ्यांवर उजेड येतोय म्हणतायत."
पंधरा वर्षं दुभाषी आहे मी. कानावर पडेल ते जसंच्या तसं हातांनी सांगायचं — एवढंच काम!

बुधवार, १०
मनगटं भरून आलीत. एवढ्या लांबलचक तासाला दोघी हव्यात, आळीपाळीने. कार्यालयात पुन्हा सांगितलं. "बघू."
तिला मी मनात बडबडी म्हणते. हात थांबतच नाहीत पोरीचे! आज तिने प्रश्न विचारला, मी मोठ्याने बोलून दाखवला. सर तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "एवढं शाळेतल्या पोरांनाही येतं, सांगा तिला."
मी सांगितलं — "प्रश्न चांगला आहे, पुस्तकात बघ."
तिने सरांकडे बघून हसून आभार मानले.

गुरुवार, ११
ही खोड लहानपणची. बाबांना ऐकू यायचं नाही, बाहेर कुठेही मीच त्यांचे कान. दुकानदार म्हणायचा, "आला बहिरा!" मी बाबांना सांगायचे, "या, बसा म्हणतायत." बाबा हसून बसायचे.

सोमवार, २२
व्हायचं तेच झालं. तिच्या मैत्रिणीने सगळे तास मोबाइलवर रेकॉर्ड केले होते. त्यावरून सगळं अक्षरात उतरवून घेतलं. जिन्यात तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. खाली मान घालून वाचलं.
"या वाक्यावर मी थँक्यू म्हटलं होतं," तिने खुणेने सांगितलं.
"तुला वाईट वाटलं असतं गं —"
"वाटू दे ना! माझं होतं ते. तुम्ही का ठेवून घेतलंत?"


मंगळवार, २३
तिने दुसरी दुभाषी मागितली. दुसरी नाहीच. मग एकटीच बसली. मी बाहेरच्या बाकावर. दाराच्या काचेतून दिसत होतं — दिवे बंद, सरांची पाठ, आणि ती शेजारणीच्या वहीत डोकावतेय. शेजारीण तरी किती लिहिणार?

शुक्रवार, २ फेब्रुवारी
तिने सरांविरुद्ध तक्रार केलीय. साक्षीदार म्हणून माझं नाव! परवानगी न घेता केलेलं रेकॉर्डिंग चालत नाही म्हणे, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर.
कार्यालयातल्या बाईंनी चहा मागवला. "इतक्या दिवसांनी शब्द न् शब्द कुठे आठवतो हो? नसेल आठवत तर तसं लिहा. तुमचा करारही मार्चमध्ये संपतोय ना?"
चहा प्यायले. लाज वाटते.

रविवार, ४
साक्षीचं अजून काहीच लिहून दिलेलं नाही.

सोमवार, १२
दिलं एकदाचं. आठवतंय, शब्द न् शब्द — असं स्पष्ट लिहिलं. तिला निरोप धाडला. तिने वाचला. उत्तर नाही. बाबा असते तर त्यांना काय सांगितलं असतं मी?

गुरुवार, १५
तक्रारीच्या चौकशीला गेले तर खोलीला कुलूप. बडबडीने कालच कॉलेजमधून नाव काढून घेतलं, सामान बांधून घरी गेली. कारकून म्हणाला, "तक्रार करणारीच नाही, मग चौकशी कसली? जा ताई घरी."
कोरा अर्ज मागितला. तिथेच उभ्याने भरला. तक्रारदार — मी. सर काय म्हणाले ते लिहिलं, मी तिला काय सांगितलं तेही लिहिलं.
'कोणाविरुद्ध' या रकान्यात दोन नावं घातली. सरांचं, आणि माझं.