जाणारा आणि येणारा

बॅलिकार्नी, गॉलवे
१४ नोव्हेंबर २००५

प्रिय फिन्टन,

अनेक आशीर्वाद. तिकडे बॉस्टनला तू खुशाल असशील असं धरून चालते. इथे सगळं ठीक. माझे गुडघे दुखतात, ते नेहमीचंच.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. राग उतरला की लिहू म्हणून थांबले, पण तो काही उतरत नाही.

आईचं घर त्या ब्राझीलहून आलेल्या जेराल्डोला भाड्याने द्यायचं नाही म्हणतोस. "आईच्या घरात इमिग्रंट नकोत." तूही तोच ना, असं मी फोनवर म्हणाले, तर वर पत्रातून मलाच शिकवतोस, "मी एमिग्रंट. शब्द सारखे दिसतात, अर्थ वेगळा. समजून घे."

घेतला रे बाबा समजून. एमिग्रंट म्हणजे देश सोडून जाणारा, इमिग्रंट म्हणजे देशात येणारा. माणूस तोच, तू कुठल्या किनाऱ्यावर उभा राहून त्याच्याकडे बघतोस एवढाच फरक. ब्राझीलमध्ये जेराल्डोची आईसुद्धा गेलेल्या पोरासाठी रडतच असेल. आणि बॉस्टनमध्ये तुला एमिग्रंट कोण म्हणतं, सांग बरं.

फादर मॅलकी दर रविवारी "आपल्या एमिग्रंट लेकरांसाठी" प्रार्थना करतात. काल जेराल्डो आणि त्याची बायको लुसिया माझ्या मागच्याच बाकावर होते. मान खाली घालून दोघं तुझ्यासाठी 'आमेन' म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लुसियाला सातवा महिना आहे. परवापर्यंत मटणाच्या कारखान्यामागे एका गळक्या कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या खोपटात, राहत होते. याच लुसियाने आईला शेवटपर्यंत न्हाऊमाखू घातलं. आईच्या शवपेटीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडला, तेव्हा जेराल्डो पुढे झाला. ती जागा तुझी होती.

फिन्टनला रजा मिळाली नाही, असं मी गावाला सांगितलं. आईलाही तेच सांगत आले होते. तुझ्याकडे कागद नाहीत, एकदा तिथून निघालास की पुन्हा आत घेणार नाहीत, हे कुठल्या तोंडाने सांगू? तिथे स्वतः चोरासारखा राहतोस आणि इथे दुसऱ्याच्या तोंडावर दार लाव म्हणतोस. लाज कशी वाटत नाही तुला?

घर दोघांच्या नावावर आहे, तुझी सही लागते, ठाऊक आहे मला. सहीशिवायच किल्ली दिली. शनिवारी ते राहायला आले. वकील करायचा तर कर. तो आधी तुझेच कागद मागेल.

वरची तुझी खोली मात्र दिलेली नाही. त्यांना हाकलायचंच असेल तर स्वतः येऊन हाकल. आलास तर परत जाता येणार नाही, हे मला कळतं. म्हणूनच ये म्हणते.

संतापलेली, तुझीच ताई,
नोरीन